धुराड्यावर पहारा कुणाचा? मार्क्सवादी पर्यावरणविचार आणि सरकारी धोरण

१८४२ सालच्या ऑक्टोबर-नोव्हेंबरात कोलोन शहरातून निघणाऱ्या 'राइनिशे त्साइटुंग' या जर्मन वर्तमानपत्रात एक लेखमाला आली. विषय होता सरपण. ऱ्हाइन प्रांतातल्या गरिबांची जुनी रीत अशी, की जंगलात गळून पडलेल्या काटक्या-फांद्या वेचायच्या आणि हिवाळ्याचं जळण करायचं. प्रांतिक विधानसभेत आता कायद्याचा मसुदा आला होता आणि त्यात या वेचण्याला चोरी ठरवलं होतं. पकडणारा कोण, तर जंगलमालकाचा रखवालदार. नुकसान किती झालं तेही तोच सांगणार. आणि दंड जमा होणार मालकाच्याच खिशात. हे सगळं उघडं पाडणारा लेखक होता चोवीस वर्षांचा कार्ल मार्क्स. पुढे १८५९ साली त्यानेच लिहून ठेवलं, की अर्थशास्त्राकडे आपण वळलो त्याची सुरुवात या लाकूडचोरीच्या वादातून झाली.

मार्क्सचं नाव घेतलं की डोळ्यांपुढे गिरणी येते, भोंगा येतो, संप येतो. जंगल सहसा येत नाही. पण त्याच्या विचाराच्या मुळाशी जंगल आहे, आणि त्या जंगलावर हक्क कुणाचा हे ठरवणारा कायदाही आहे. निसर्ग, मालकी आणि राज्यसंस्था ही तीन टोकं या लेखात आपल्याला पुन्हा पुन्हा भेटतील. राज्यसंस्था म्हणजे सत्तेवरचा एखादा पक्ष नव्हे. सरकार, नोकरशाही, न्यायालयं, पोलीस, तिजोरी हा सगळा पसारा मिळून राज्यसंस्था.

आधी एक कबुली. मार्क्सने पर्यावरणावर स्वतंत्र ग्रंथ लिहिलेला नाही. त्याचं या विषयावरचं म्हणणं परिच्छेदांत, तळटिपांत, पत्रांत आणि वाचनाच्या वह्यांत विखुरलेलं आहे. ते वेचून एकत्र मांडण्याचं काम मुख्यतः गेल्या पंचवीस-तीस वर्षांत झालं. जॉन बेलामी फॉस्टर आणि पॉल बर्केट या अमेरिकी अभ्यासकांनी १९९९-२००० च्या सुमारास ते केलं, आणि नंतर जपानच्या कोहेइ सैतो यांनी मार्क्सच्या वह्या चाळून ते पुढे नेलं. त्यामुळे 'मार्क्स हा पहिला पर्यावरणवादी' असं कुणी म्हणालं की मी जरा सावरून बसतो. पण 'मार्क्सला निसर्गाशी देणंघेणं नव्हतं' हे म्हणणं तर सरळ चूक आहे.

सोनखताचा हिशोब

या विचारातली मध्यवर्ती कल्पना समजायला शेतापासून सुरुवात करू. पीक जमिनीतून नत्र, स्फुरद, पालाश उचलतं. धान्य खाणारी माणसं आणि जनावरं शेताच्या आसपास राहत असतील, तर मलमूत्र, शेण, काडीकचरा या रूपाने हे सारं मातीत परत जातं. शेतकऱ्याला हे कुणी शिकवावं लागत नाही, सोनखताची किंमत त्याला ठाऊक असते. पण माणसं शेत सोडून मोठ्या शहरात गेली आणि धान्यही त्यांच्या मागे गेलं, की देवाणघेवाण तुटते. मातीतून निघालेलं मातीत परत येत नाही. इकडे जमिनीचा कस जातो आणि तिकडे शहराची नदी सडते. नुकसान दोन ठिकाणी दिसतं, पण कारण एकच असतं.

जर्मन रसायनशास्त्रज्ञ युस्टुस फॉन लीबिग यांनी हे शास्त्रीय भाषेत मांडलं आणि १८६२ साली इंग्लंडच्या प्रगत शेतीला त्यांनी थेट लुटीची शेती म्हटलं. मार्क्स तेव्हा 'कॅपिटल' या आपल्या मुख्य ग्रंथाच्या पहिल्या खंडावर काम करत होता. लीबिगसारखे रसायनशास्त्रज्ञ आपल्याला सगळ्या अर्थशास्त्र्यांहून जास्त महत्त्वाचे वाटतात, असं त्याने १८६६ मध्ये आपला मित्र आणि सहकारी एंगल्सला कळवलं. त्याने जीवशास्त्रातला शब्द उचलला: चयापचय. शरीर जसं अन्न घेतं, वापरतं आणि टाकतं, तसा समाजही श्रमाच्या मार्फत निसर्गातून घेतो आणि निसर्गाला परत देतो. भांडवली उत्पादन या देवाणघेवाणीत भेग पाडतं, हे त्याचं म्हणणं. आजचे अभ्यासक याच कल्पनेला 'चयापचयातली भेग' म्हणतात. लंडनचं उदाहरण त्याने दिलं: पंचेचाळीस लाख माणसांच्या विष्ठेचं या शहराला करता काय येतं, तर अफाट खर्च करून थेम्स नदी घाण करणं. १८५८ च्या उन्हाळ्यात थेम्सचा वास पार्लमेंटच्या दालनांत शिरला, तेव्हा कुठे गटारांच्या मोठ्या कामाला पैसा मंजूर झाला.

मातीचा गेलेला कस मग भरून काढला कसा? पेरूजवळच्या चिंचा बेटांवर समुद्रपक्ष्यांच्या विष्ठेचे ढीगच्या ढीग साचलेले होते. त्या खताला ग्वानो म्हणतात. १८४० नंतर ते जहाजं भरभरून युरोपात येऊ लागलं. खणणारे होते चीनमधून करारावर आणलेले, जवळजवळ गुलामीत राबणारे मजूर. अमेरिकेने १८५६ मध्ये कायदा केला, की ग्वानो असलेलं बेवारस बेट सापडलं तर अमेरिकी नागरिकाने ते देशाच्या नावाने ताब्यात घ्यावं. स्पेनने १८६४ मध्ये चिंचा बेटांवरच कब्जा केला. १८७९ साली चिली, पेरू आणि बोलिव्हिया नायट्रेटच्या साठ्यांवरून युद्धात उतरले. पुढे विसाव्या शतकात हवेतला नत्र पकडून कारखान्यात खत करण्याची हेबर-बॉश पद्धत आली आणि ग्वानोची गरज संपली. पण त्या पद्धतीला इंधन प्रचंड लागतं, आणि पिकाने न उचललेलं खत नद्यांतून वाहत जाऊन समुद्रात ऑक्सिजनविना मेलेले पट्टे तयार करतं. मेक्सिकोच्या आखातात दर उन्हाळ्यात असा पट्टा उमटतो. भेग एका ठिकाणी बुजवली की ती दुसरीकडे सरकते. हे लक्षात ठेवा, कायद्यांच्या बाबतीतही असंच घडताना दिसेल.

श्रीमंती वेगळी, मूल्य वेगळं

इथे एक गैरसमज दूर करायला हवा. मार्क्सने सगळ्या मूल्याचं मूळ श्रमात आहे असं मानलं, म्हणजे निसर्गाला शून्य किंमत दिली, असा आरोप होतो. १८७५ मध्ये जर्मन समाजवाद्यांच्या गोथा कार्यक्रमात 'श्रम हाच साऱ्या संपत्तीचा उगम' असं वाक्य होतं. मार्क्स त्यावर भडकला. उपयोगाच्या वस्तूंचा उगम श्रमाइतकाच निसर्गही आहे, असं त्याने तिथल्या तिथे सुनावलं.

मग श्रमाचं मूल्य कुठे आलं? संपत्ती म्हणजे माणसाच्या उपयोगाला येणारं सगळं: हवा, पाणी, सावली, धान्य, कापड. मूल्य म्हणजे बाजाराच्या वहीत जे मांडलं जातं ते, आणि त्या वहीत मानवी श्रमच मोजला जातो. नदीने फुकट वाहून नेलेली घाण, जंगलाने फुकट धरून ठेवलेली माती यांचा कुठल्याच रकान्यात उल्लेख नसतो. निसर्गाला शून्य किंमत देणारी ही वही भांडवलशाहीची आहे. मार्क्सने ती वाचून दाखवली, लिहिली नाही. वर विरोधाभास असा, की पाणी मुबलक आणि स्वच्छ असताना त्याला भाव नसतो. ते नासलं, दुर्मिळ झालं, की बाटलीत भरून विकता येतं आणि मग देशाच्या उत्पन्नात भर पडल्याचं दिसतं.

कारखाना कायद्यांची गोष्ट

आता राज्यसंस्था. मार्क्सवाद्यांना सरकारी पर्यावरण धोरणाबद्दल काय वाटतं हे समजायचं असेल, तर माझ्या मते 'कॅपिटल'मधलं कामाच्या दिवसावरचं प्रकरण आधी वाचावं. त्यात पर्यावरण हा विषय नाही. इंग्लंडचे कारखाना कायदे आहेत. पण मार्क्सने तिथे एक धागा जोडून दिला आहे: ज्या निकडीमुळे इंग्लंडच्या शेतांवर ग्वानो पसरावं लागलं, त्याच निकडीमुळे कारखान्यातल्या श्रमावर मर्यादा घालाव्या लागल्या. नफ्याच्या आंधळ्या हव्यासाने एकीकडे माती पिळून काढली, दुसरीकडे माणसं.

गोष्ट थोडक्यात अशी. कापडगिरण्यांत लहान मुलं बारा-चौदा तास राबत. १८३३ चा कायदा आला. नऊ वर्षांखालच्या मुलांना बहुतेक कापडगिरण्यांत बंदी झाली, मोठ्या मुलांच्या तासांवर मर्यादा आली आणि अंमलबजावणीसाठी इन्स्पेक्टर नेमले गेले. साऱ्या देशाला चार. मालक म्हणाले, आम्ही बुडणार. १८३७ मध्ये नासाऊ सीनियर या ऑक्सफर्डच्या अर्थशास्त्र्याने गणित मांडून दाखवलं, की सगळा नफा दिवसाच्या शेवटच्या तासात तयार होतो, तो तास काढला की नफा खलास. (धूर रोखला तर उद्योग देश सोडून जाईल, हे आजचं गणित त्याच घराण्यातलं.) कामगारांच्या अनेक वर्षांच्या लढ्यानंतर १८४७ मध्ये स्त्रिया आणि किशोरवयीन मुलांसाठी दहा तासांचा कायदा झाला. गिरण्या काही बुडाल्या नाहीत. पण मालकांनी पळवाटा काढल्या. मुलांना पाळ्यांमध्ये असं फिरवायचं, की कोण किती तास राबलं हे इन्स्पेक्टरला कधी शोधताच येऊ नये.

यातून मार्क्सने काय टिपलं? पहिलं असं, की एकेका मालकाच्या चांगुलपणाचा इथे प्रश्न नाही. १८६३ च्या सुरुवातीला स्टॅफर्डशायरमधल्या सव्वीस मोठ्या कुंभारकाम कारखान्यांनी सरकारकडे अर्ज केला, की आमच्यावर कायद्याने बंधन घाला. त्यात वेजवुडसारखी नावाजलेली पेढीही होती. कारण त्यांनीच दिलं: मुलांचे तास आम्हाला स्वतःहून कमी करता येत नाहीत, स्पर्धेत मागे पडू. सगळ्यांना सारखाच नियम लावलात तर चालेल. आज मोठ्या कंपन्या अधूनमधून कडक नियमांची मागणी करतात तेव्हा आपल्याला आश्चर्य वाटतं. वाटायला नको.

दुसरं असं, की समाजाने भाग पाडल्याशिवाय भांडवल कामगाराच्या आयुष्याची पर्वा करत नाही, 'माझ्यामागे प्रलय आला तरी येवो' हेच त्याचं ब्रीद. हे वाक्य नेहमी उद्धृत होतं. पण वजन 'भाग पाडल्याशिवाय' या शब्दांवर आहे. म्हणजे भाग पाडता येतं. मार्क्सने दहा तासांच्या कायद्याला मोठा विजय मानलं, सरकार मालकांचंच आहे म्हणून कायदा फेकून दिला नाही. इन्स्पेक्टर लेनर्ड हॉर्नर यांच्याबद्दल त्याने मनापासून आदराने लिहिलं आहे, आणि त्याच्या पुस्तकाचा कितीतरी मजकूर सरकारी अहवालांतूनच आला आहे. कामगार लढला नसता तर कायदा आला नसता, आणि कायदा आला नसता तर भांडवलाने आपल्याच पायाखालची माणसं संपवली असती.

पर्यावरणाचे कायदे हे निसर्गाच्या वाट्याला आलेले कारखाना कायदे आहेत. माझ्या मते या साऱ्या विचाराचा गाभा एवढाच आहे. त्यांना क्षुल्लक म्हणू नये आणि त्यांच्यावर भाबडा विश्वासही ठेवू नये.

वायू पाण्यात, धूर परदेशात

त्याच १८६३ साली ब्रिटनमध्ये अल्कली अ‍ॅक्ट आला. धुण्याचा सोडा तयार करणाऱ्या कारखान्यांतून हायड्रोक्लोरिक आम्लाचा वायू सुटायचा आणि आसपासची झाडं-पिकं करपायची. तक्रार कुणाची चालली? कामगारांच्या वस्त्या त्याच धुरात होत्या, पण पार्लमेंटमध्ये प्रश्न लावून धरला लॉर्ड डर्बी यांनी, म्हणजे जमीनदारांनी. दोन मालकवर्गांच्या भांडणातून झालेला हा कायदा होता. कारखान्याने पंचाण्णव टक्के वायू अडवलाच पाहिजे असं त्यात होतं. पहिले इन्स्पेक्टर रॉबर्ट अँगस स्मिथ, आम्लाच्या पावसाला नाव देणारे तेच.

कायदा पाळला गेला, बऱ्यापैकी पाळला गेला. वायू मनोऱ्यात पाण्याच्या फवाऱ्यात विरघळवत आणि ते आम्लयुक्त पाणी बऱ्याच ठिकाणी जवळच्या ओढ्या-नद्यांत सोडून देत. हवेची टोपी पाण्याच्या डोक्यावर. पुढे त्या आम्लातून क्लोरीन काढून ब्लीचिंग पावडर करणं फायद्याचं ठरलं, तेव्हा मालक स्वतःच वायूचा थेंबन्‌थेंब जपू लागले.

लंडनमध्ये १९५२ च्या डिसेंबरात धुक्यात मिसळलेल्या कोळशाच्या धुराने हजारो माणसं मेली. सुरुवातीचा आकडा चार हजारांचा होता, नंतरचे अंदाज बारा हजारांपर्यंत जातात. १९५६ मध्ये क्लीन एअर अ‍ॅक्ट झाला आणि शहराची हवा खरोखर सुधारली. वीजकेंद्रं शहराबाहेर गेली, धुराडी उंच झाली. उंच धुराड्यातलं गंधक वाऱ्यावर स्वार होऊन आम्लाच्या पावसाच्या रूपाने नॉर्वे-स्वीडनच्या तळ्यांत उतरलं. तिथले मासे लंडनमध्ये मत देत नव्हते.

इथे मार्क्सवादी अभ्यासक म्हणतात, की कायदा नुकसान थांबवतो त्यापेक्षा जास्त वेळा ते हलवतो: हवेतून पाण्यात, शहरातून गावात, श्रीमंत देशातून गरीब देशात, आजच्या पिढीवरून उद्याच्या पिढीवर. मला हे निरीक्षण पटतं. पण ते नियम म्हणून वापरलं की फसतं. ओझोनच्या थराला खाणाऱ्या रसायनांवर १९८७ च्या मॉन्ट्रिअल करारानं खरंच लगाम घातला. मोजक्या मोठ्या कंपन्या, हाताशी आलेले पर्याय, आणि त्या रसायनांवर साऱ्या अर्थव्यवस्थेची भिस्त नसणं, हे सगळं तिथे जुळून आलं होतं. कोळसा-तेलाबाबत यातलं फारसं काही लागू नाही.

तिजोरीची अडचण

सरकार अर्धवट का वागतं? भ्रष्टाचार हे उत्तर सोपं आहे आणि बरेचदा खरंही, पण पुरेसं नाही. अगदी प्रामाणिक सरकारही अडखळतं. अमेरिकी अर्थशास्त्रज्ञ जेम्स ओ'कॉनर यांनी १९७३ मध्ये मांडलं, की आधुनिक राज्यसंस्थेला दोन कामं एकाच वेळी करावी लागतात: नफ्याचं चक्र फिरतं ठेवायचं, कारण कर आणि रोजगार त्यातूनच येतात, आणि लोकांच्या नजरेत आपली इभ्रत राखायची. १९८८ मध्ये त्यांनी यात निसर्ग आणला. भांडवलाला माती, पाणी, हवामान, निरोगी कामगार, शहरातली जागा हे सगळं लागतं, पण यातलं काहीच ते कारखान्यात तयार करत नाही. ते वापरून वापरून झिजवतं आणि मग त्याचाच खर्च वाढतो. याला त्यांनी भांडवलशाहीचा दुसरा अंतर्विरोध म्हटलं. पहिला म्हणजे कामगार आणि भांडवल यांच्यातला. या झिजणाऱ्या गोष्टींचा पुरवठा आणि वापर सांभाळणारी मधली संस्था कोण? राज्यसंस्था. त्यामुळे नदीचं प्रदूषण हा प्रश्न आपसूक राजकीय होतो.

एक्वाडोरचं उदाहरण यासाठी बोलकं आहे. २००७ मध्ये डावे अध्यक्ष राफाएल कोरेया यांनी संयुक्त राष्ट्रांत प्रस्ताव ठेवला: यासुनी राष्ट्रीय उद्यानाच्या एका भागाखालचं तेल आम्ही जमिनीतच राहू देतो, जगाने आम्हाला तेरा वर्षांत ३६० कोटी डॉलर द्यावेत, म्हणजे अपेक्षित उत्पन्नाच्या साधारण निम्मे. २००८ च्या राज्यघटनेत त्यांनी निसर्गाला स्वतःचे हक्कही दिले. २०१३ पर्यंत प्रत्यक्षात जमा झाले सुमारे १ कोटी ३० लाख डॉलर. कोरेयांनी योजना गुंडाळली आणि २०१६ मध्ये त्याच भागातून तेल निघू लागलं. शाळा-दवाखान्यांचा खर्च तेलावर चालणारं हे डावं सरकार होतं. घटनेत निसर्गाचे हक्क आणि अंदाजपत्रकात तेल, अशा वेळी अंदाजपत्रक जिंकतं. २०२३ च्या ऑगस्टमध्ये सार्वमत झालं आणि जवळपास ५९ टक्के लोकांनी तेल थांबवा म्हणून कौल दिला. न्यायालयाने काम आटोपायला एक वर्ष दिलं होतं. वर्ष उलटलं तेव्हा बहुतेक विहिरी चालूच होत्या.

कुंपणाने शेत खाल्लं तेव्हा

आता तो प्रश्न, जो या विषयावर बोलताना पाचव्या मिनिटाला येतोच: मग सोव्हिएत संघाचं काय? तिथे तर खासगी नफा नव्हता.

सुरुवात चांगली होती, हे फारसं सांगितलं जात नाही. लेनिनच्या काळात १९१८ मध्ये जंगलांचा कायदा झाला. यादवी युद्ध चालू असतानाच १९१९ मध्ये व्होल्गाच्या मुखाशी अस्त्राखान अभयारण्य उभं राहिलं. 'झापोवेदनिक' म्हणजे शास्त्रीय अभ्यासासाठी संपूर्ण राखलेलं क्षेत्र, आणि त्यांचं जाळं पुढे वाढत गेलं. व्हर्नाड्स्की या शास्त्रज्ञाने जीवावरणाची, म्हणजे जीवसृष्टी सामावणाऱ्या पृथ्वीच्या थराची, कल्पना १९२६ मध्ये याच देशात सविस्तर मांडली. मग स्टालिनचं औद्योगिकीकरण आलं. चयापचयाच्या भाषेत समाजाकडे पाहणारा बोल्शेविक नेता बुखारिन १९३८ मध्ये गोळीला बळी पडला. १९५१ मध्ये झापोवेदनिकांची संख्या १२८ वरून ४० वर आणली गेली.

आणि अरल समुद्र. १९६० मध्ये सुमारे ६८ हजार चौरस किलोमीटरचा हा जलाशय जगातल्या सरोवरांत चौथ्या क्रमांकाचा होता. त्याला पाणी देणाऱ्या आमू दर्या आणि सिर दर्या या नद्या कापसासाठी कालव्यांत वळवल्या. काराकुम कालव्याला अस्तर नव्हतं, ढीगभर पाणी वाळूतच मुरलं. २०१० च्या आसपास समुद्राचा जेमतेम दहावा हिस्सा उरला होता, आणि मुयनाक बंदरातल्या होड्या वाळूवर गंजत उभ्या होत्या. हे नकळत झालेलं नाही. समुद्र आटणार हे काही नियोजकांनी आधीच धरलं होतं आणि कापसाचं उत्पन्न माशांपेक्षा जास्त भरेल असा हिशोब केला होता. कालवे खोदणाऱ्या खात्याची कामगिरी किती जमीन ओलिताखाली आली यावर मोजली जाई, किती पीक आलं किंवा किती पाणी उरलं यावर नव्हे.

व्हेलची गोष्ट तर याहून चमत्कारिक. दुसऱ्या महायुद्धानंतरच्या पंचवीसेक वर्षांत सोव्हिएत जहाजांनी दक्षिण गोलार्धात हंपबॅक जातीचे ४८ हजारांहून अधिक व्हेल मारले आणि आंतरराष्ट्रीय आयोगाला आकडा दिला २,७१०. त्या मांसाला देशात फारशी मागणी नव्हती, पुष्कळ भाग वाया जायचा. पण योजनेतलं लक्ष्य टनांत असे, आणि लक्ष्य ओलांडलं की बक्षीस मिळे. म्हणजे नफा नसतानाही 'आणखी, आणखी' असं म्हणणारं यंत्र तयार करता येतं.

यावर मार्क्सवाद्यांची उत्तरं तीन-चार प्रकारची आहेत. काही म्हणतात, तो समाजवाद नव्हताच, पाश्चात्त्य देशांशी शस्त्रस्पर्धा करणारी सरकारी भांडवलशाही होती. हे उत्तर मला फार सोयीचं वाटतं. जे बिघडलं ते आमचं नव्हतं, असं कुणालाही म्हणता येतं. काही जण उत्पादनवाढीच्या वेडाला दोष देतात, आणि तो दोष मार्क्सच्या काही लिखाणातही सापडतो हे मान्य करतात. मला सगळ्यात पटणारं उत्तर पुन्हा कारखाना कायद्यांकडे नेतं. इंग्लंडमध्ये मालक एक, इन्स्पेक्टर दुसरा, संप करणारा कामगार तिसरा आणि अहवाल छापणारं वर्तमानपत्र चौथं होतं. सोव्हिएत संघात कारखाना सरकारचा, इन्स्पेक्टर सरकारचा, कामगार संघटना सरकारची आणि वर्तमानपत्रही सरकारचं. प्रदूषणाचे मानदंड कागदावर जगातल्या कडक मानदंडांपैकी होते. कुंपणच शेत खायला लागल्यावर हाक कुणाला मारणार?

तरी जिथे थोडी फट मिळाली तिथे फरक पडला. बैकाल सरोवराकाठच्या कागद-लगद्याच्या कारखान्याविरुद्ध शास्त्रज्ञ आणि लेखक १९६० च्या दशकात उभे राहिले. कारखाना १९६६ मध्ये चालू झालाच आणि २०१३ पर्यंत चालला, पण सोव्हिएत पर्यावरण चळवळ तिथून उभी राहिली. सैबेरियाच्या नद्या उलट्या दक्षिणेकडे वळवण्याची अवाढव्य योजना १९८६ च्या ऑगस्टमध्ये रद्द झाली, चेर्नोबिलनंतर चार महिन्यांनी, वर्तमानपत्रांतून उघड विरोध करता येऊ लागल्यावर.

चीनबद्दल थोडक्यात. 'पर्यावरणीय सभ्यता' हा शब्द तिथे पक्षाच्या घटनेत २०१२ मध्ये आणि देशाच्या राज्यघटनेत २०१८ मध्ये गेला. २०१५ पासून प्रदूषण चालू ठेवणाऱ्या कारखान्याला रोजच्या रोज वाढणारा दंड होऊ शकतो. जगात सर्वाधिक सौर पॅनेल तोच देश बसवतो आणि जगातला निम्म्याहून जास्त कोळसाही तोच जाळतो. केंद्रीय सत्ता हुकूम सोडून किती झपाट्याने बदल घडवू शकते याचं हे उदाहरण आहे. तळातून ओरडणाऱ्या माणसाला किती जागा आहे, हा प्रश्न मात्र तिथेही तसाच पडून आहे.

हवेचा बाजार

१९९० नंतर धोरणकर्त्यांना नवं औषध सापडलं: बंदी नको, किंमत लावा. धूर सोडण्याचे परवाने वाटायचे, संख्या हळूहळू घटवायची, ज्याला जास्त लागतील त्याने विकत घ्यावेत. युरोपीय संघाने २००५ मध्ये कार्बनचा असा बाजार उघडला. पहिल्या टप्प्यात बहुतेक परवाने फुकट वाटले, आणि गरजेपेक्षा जास्त. वीजकंपन्यांनी फुकट मिळालेल्या परवान्यांची किंमत ग्राहकांच्या बिलात लावली आणि घसघशीत नफा कमावला. २००७ मध्ये परवान्याचा भाव जवळजवळ शून्यावर आला. मार्क्सवादी टीका इथे लाकूडचोरीच्या लेखांपर्यंत मागे जाते: जे सगळ्यांचं होतं त्याला आधी मालमत्ता बनवलं, मग ती सगळ्यात जास्त नासधूस करणाऱ्यांनाच वाटली. टीका रास्त आहे. पण नंतर नियम कडक झाले, वीजकंपन्यांचे फुकट परवाने बहुतांशी बंद झाले, २०२३ मध्ये भाव शंभर युरोच्या घरात पोचला आणि कोळशावरची वीज महाग पडू लागली, हेही त्याच टीकाकारांनी सांगायला हवं. बरेच जण सांगत नाहीत.

पुढे काय करावं यावर या मंडळींत कडाक्याचं भांडण आहे. सैतो म्हणतात, श्रीमंत देशांनी उत्पादन आणि उपभोग घटवलाच पाहिजे. दुसरी बाजू म्हणते, महागाईने पिचलेल्या कामगाराला 'कमी वापर' सांगून चळवळ उभी राहत नाही, सार्वजनिक मालकीची स्वच्छ वीज मुबलक द्या. मी कुठल्या बाजूचा, हे माझंच अजून ठरलेलं नाही. पण दोन्ही बाजू ज्या एका प्रसंगाकडे बोट दाखवतात तो सांगतो.

१९७१ मध्ये सिडनीच्या हंटर्स हिल भागातल्या तेरा स्त्रियांनी आपल्या वस्तीलगतची केलीज बुश नावाची झाडी वाचवण्यासाठी सगळीकडे अर्जविनंत्या केल्या. तिथे महागडी घरं होणार होती. कुठेच दाद लागेना, म्हणून त्या बांधकाम मजुरांच्या संघटनेकडे गेल्या. संघटनेचा नेता जॅक मंडी हा कम्युनिस्ट होता. बायका खाऊन-पिऊन सुखी घरातल्या होत्या. मजूर म्हणाले, आम्ही तिथे वीट ठेवणार नाही. बिल्डरने बाहेरचे मजूर आणण्याची धमकी दिली, तेव्हा त्याच बिल्डरच्या शहरातल्या दुसऱ्या अर्धवट इमारतीवरच्या कामगारांनी कळवलं, की केलीज बुशमधलं एक जरी झाड पडलं तर ही इमारत कायमची अशीच अर्धवट राहील. या बहिष्काराला 'ग्रीन बॅन' नाव पडलं. पुढच्या तीन वर्षांत मजुरांनी असे चाळीसहून जास्त बहिष्कार टाकले. स्वतःच्या रोजगारावर पाणी सोडून त्यांनी उद्यानं, जुन्या वस्त्या आणि गरिबांची घरं वाचवली. तोवर तिथे या गोष्टी वाचवणारा कायदा जवळजवळ नव्हता. राज्याचा वारसा कायदा १९७७ मध्ये आला, नियोजन आणि पर्यावरण परिणामांचा कायदा १९७९ मध्ये.

मंडी आणि त्याच्या साथीदारांना तोवर त्यांच्याच राष्ट्रीय संघटनेने बाहेर काढलं होतं. केलीज बुश १९८३ मध्ये राज्य सरकारने विकत घेऊन लोकांसाठी खुलं केलं.